टाचेचा गोल आणि आ वासलेली बाई

७ एप्रिल, रविवार

खोटं लिहून आले. पाच शब्द — रेषा स्वतः पाहिली, खेळाडू मागे.

जसं झालं तसं इथे लिहून ठेवते, नाहीतर आठ दिवसांनी मीच मला पटवीन की पाहिली होती.

मोसमातला शेवटचा सामना. आमची लीग सगळ्यात खालची; हिच्या खाली नुसतं गवत. निळ्यांना जिंकायलाच हवं होतं, पिवळ्यांना बरोबरी पुरत होती. जो अडकेल तो लीगबाहेर. एक-एक अशी बरोबरी, दोन मिनिटं बाकी, मी कडेला झेंडा घेऊन उभी.

अकरा वर्षं हेच काम करते. पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी पुढचा गडी समोरच्या शेवटच्या बचावपटूच्या पलीकडे उभा नको; तो बचावपटू म्हणजेच आमची रेषा. असला तर ऑफसाइड, झेंडा वर. तो क्षण पकडायची एकच रीत आम्हाला शिकवलेली — किक कानाने ऐकायची, डोळे रेषेवर ठेवायचे. बॉल आपला नाही. बॉल प्रेक्षकांचा.

निळ्यांच्या म्हाताऱ्या कप्तानाने मैदानाच्या मध्यातून पास मारला. कसा मारला! आवाजच वेगळा आला. आणि मी बॉलकडे पाहिलं.

बस्. एवढंच केलं.

पुढे काय झालं ते सगळं दिसलं. त्यांचा पुढचा गडी — प्लंबर, सगळे त्याला प्लंबरच म्हणतात, तो आहेच प्लंबर — गोलकडे तोंड करून धावत होता. बॉल त्याच्या पाठीमागून उतरला. त्याने मान वळवली नाही. टाच मागे उचलली, बॉल टाचेवर घेतला आणि स्वतःच्या डोक्यावरून, पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून, थेट जाळ्यात. कीपर मागे पळता पळता जाळ्यातच गुंतून पडला.

मग पिवळे माझ्या अंगावर धावून आले — "मॅडम, झेंडा! झेंडा!!" — तेव्हा कळलं, की किकच्या क्षणी प्लंबर कुठे होता हे मला माहीतच नाही. माझे पाय मात्र मध्यरेषेकडे धावत सुटले होते. लाईनवालीचे पाय मध्यरेषेकडे धावले की गोल मान्य. दोन-एक.

सामना संपल्यावर पंचांच्या खोलीत अहवाल. खोली कसली, चुन्याची पोती ठेवायची जागा. वादातल्या गोलसाठी दोन रकाने असतात — "रेषा स्वतः पाहिली" आणि "पाहता आली नाही". दुसऱ्या रकान्यात कुणी कधी खूण करत नाही. तिथे खूण म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापणं. मुख्य पंच मास्तर (शाळेत गणित शिकवतात) म्हणाले, "बघितलंस ना गं?"

"हो सर."

८ एप्रिल, सोमवार

लेकीने सकाळी चहाच्या कपापुढे मोबाईल धरला. "आई, तू बघ! तू आहेस!"

पलीकडच्या कडेवरून कुणीतरी काढलेला नऊ सेकंदांचा व्हिडिओ. सुरू होतो तेव्हा बॉल हवेत आहे — म्हणजे किकचा क्षण त्यात नाहीच. टाच, गोल, कीपर जाळ्यात. आणि मागे, कोपऱ्यात, मी. झेंडा पायाशी लोंबतोय, तोंडाचा आ झालेला. कुणीतरी तेवढंच तोंड मोठं करून भोवती बदाम उडवलेत. खाली — "लाईनवाली बाईसुद्धा गार!"

"गोड दिसतेयस," लेक म्हणाली.

मी पुन्हा लावून पाहिलं. तोंड बघतायत सगळे. डोळे कुठे आहेत ते बघा ना! डोळे बॉलवर आहेत. आरशात दिसावा इतका स्वच्छ पुरावा — आणि त्यावर बदाम.

९ एप्रिल, मंगळवार

लॅबमध्ये दिवसभर तेच. एका गृहस्थाने डावा हात रक्तासाठी माझ्यापुढे केला आणि उजव्या हाताने सेल्फी काढला. म्हणे, "मॅडम, जरा तसा आ करा ना!" सुई हातात होती. तरी सरळच टोचली. इतका तरी धर्म पाळते.

माझ्या वरच्या डॉक्टरीणबाई गमतीने म्हणाल्या, "आता तुझा ऑटोग्राफ रिपोर्टवर चालेल." रिपोर्टवर! काचपट्टीवर जे दिसलं नाही ते मी सतरा वर्षांत कधी "दिसलं" असं लिहिलेलं नाही. एक पेशी शंकेची वाटली तर पुन्हा रक्त मागवते, पेशंटच्या शिव्या खाते. आणि रविवारी पाच शब्द एका दमात!

१० एप्रिल, बुधवार

सव्वीस लाख लोकांनी पाहिलं. एकानेही विचारलं नाही, बाई कुठे बघतेय.

१३ एप्रिल, शनिवार

किळस आली आहे. दुसरा शब्द नाही.

बाजारात गेले होते. निळ्यांची पोरं — पोरं कसली, तिशी उलटलेले बाप्ये — रस्त्यात टाचेने बॉल उडवत होते. दर उड्डाणाला आरोळी. एकजण उताणा पडला तो थेट टोमॅटोच्या ढिगात. भाजीवाली ओरडली, तर तिला म्हणतात, "मावशी, कला आहे ही!" भरपाई द्यायचं सोडून तिच्याबरोबर फोटो. ती बिचारी फुटलेले टोमॅटो वेगळे काढत बसली.

यातल्या कितीजणांनी मोसमात एक तरी सामना पाहिला? मी मोजू शकते. आमच्या सामन्यांना साठ माणसं येतात, त्यातली वीस खेळाडूंच्या घरची. प्लंबर नऊ वर्षं खेळतोय. सकाळी लोकांचे तुंबलेले नळ काढतो, संध्याकाळी सराव. नऊ वर्षं याला कुत्रं विचारत नव्हतं. आता नऊ सेकंदांचा प्लंबर सगळ्यांचा लाडका!

आणि कीपर. चाळिशीचा माणूस. चौकापलीकडे त्याची बेकरी आहे. त्याच्या शटरला कुणीतरी मासेमारीचं जाळं बांधलं होतं, आत एक पावाची लादी अडकवलेली. खाली चिठ्ठी — "आजची ताजी मासळी". लोक थांबून फोटो काढत होते. तो आत होता. बाहेर आला, हातातल्या सुरीने जाळं कापलं, गुंडाळून खाली ठेवलं आणि एका बाईला बिस्किटं मोजून दिली.

एकाने मला ओळखलं. "ओ लाईनवाल्या वहिनी! करा की आ!"

मग सगळे हसले, कारण मी खरंच आ केला होता — बोलायला म्हणून उघडलेलं तोंड, शब्दच बाहेर आला नाही.

१४ एप्रिल, रविवार

हे मला कबूल करायला हवं. राग कुणाचा आहे? त्यांनी काय केलं? सुंदर गोल पाहिला आणि वेडे झाले. मीही तेच केलं. त्यांचं ते काम होतं, माझं नव्हतं, एवढाच फरक. मग त्यांची शिसारी का? का त्यांच्या तोंडांवर मला माझंच तोंड दिसतं म्हणून?

पण टोमॅटो, जाळं, ती चिठ्ठी — ते मी केलेलं नाही. नाही. शिसारी येण्यासारखंच आहे ते.

(दोन्ही खरं असू शकतं. दोन्ही लिहून ठेवते.)

१५ एप्रिल, सोमवार

पिवळ्यांनी तक्रार केली. प्लंबर पुढे होता म्हणतात. लीगच्या समितीचं पत्र आलं — शुक्रवारी चार वाजता सुनावणी, मुख्य पंच आणि कडेच्या पंच बाईंनी हजर राहावे.

मास्तरांचा फोन. "घाबरू नकोस. अहवालात लिहिलंयस तेच म्हणायचं. व्हिडिओत काही दिसत नाही. पाच मिनिटांचं काम."

"सर, आणि मी पाहिलं नसेल तर?"

मग म्हणाले, "तू लिहिलंयस, पाहिलं. म्हणजे पाहिलंस."

गणिताचे मास्तर!

१७ एप्रिल, बुधवार

घरात सांगितलं. जेवताना. नवऱ्याने घास खाली ठेवला. "अगं, पण तो ऑफसाइड होता का?"

"माहीत नाही."

"मग नसेलही!"

"नसेलही."

"म्हणजे तू एका चांगल्या गोलवर पाणी ओतणार, कारण तुला माहीत नाही?"

"कारण मी लिहिलंय की मला माहीत आहे."

त्याने हात टेकले. तो वाईट माणूस नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये दिवसभर पेट्या तपासतो. म्हणतो, पेटी न उघडता शिक्का मारायची वेळ प्रत्येकावर येते, जग चालतं. "तू काय दरोडा घातलास का? आणि त्या प्लंबरचं काय? मोठ्या क्लबने चाचणीला बोलावलंय त्याला, पंचवीस तारखेला. पेपरात आलंय. एकोणतीस वय आहे, परत कोण बोलावणार?"

हे मला माहीत नव्हतं. लेक पानातल्या पानात भात ढकलत होती. "आई, वर्गात सगळे मला लाईनवालीची मुलगी म्हणतात. चांगल्या अर्थाने म्हणतात," ती म्हणाली. "आता वाईट अर्थाने म्हणतील."

एका पारड्यात प्लंबर, नऊ वर्षांत एकदाच उघडलेलं दार. दुसऱ्यात बेकरीवाला आणि त्याचे पिवळे, लीगबाहेर. आणि मला दोघांपैकी कुणाचं खरं हे ठाऊक नाही! मला फक्त माझं ठाऊक आहे.

१९ एप्रिल, शुक्रवार

सांगून टाकलं.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर. बाहेर बाकावर प्लंबर बसला होता, कामाच्याच कपड्यांत, खिशातून पाना डोकावत होता. मला पाहून उठला. म्हणाला, "ताई, एक विचारू? मी पुढे होतो का हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कुठे कळतंय. मी बॉलचा अंदाज घेत होतो." मग हसला. "तुम्हाला तरी माहीत असेल."

त्या हसण्यापुढे मला उभं राहवेना. आत गेले.

तिघेजण टेबलामागे, चहाचे कप, पंखा करकरत होता. एका बाजूला निळ्यांचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला पिवळ्यांचा, त्याच्या शेजारी तो कीपर. नखांत पीठ. मान खाली. सगळा वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होता. वाटलं, माणसाला किती खाली मान घालायला लावली या लोकांनी!

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, अहवाल तुमचाच ना? रेषा स्वतः पाहिली?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पास सुटला तेव्हा मी बॉलकडे बघत होते. रेषा पाहिली नाही. लिहिलं ते खोटं आहे."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"मग तो ऑफसाइड होता, असं तुमचं म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही. मी पाहिलं नाही, एवढंच मला माहीत आहे."

"पण अंदाज?"

"अंदाज मी देणार नाही."

निळ्यांचा मॅनेजर उसळला — "बारा दिवसांनी आठवलं? किती मिळाले?" अध्यक्षांनी त्याला गप्प केलं. शेजारच्या सभासदाने व्हिडिओ लावला, माझं तोंड मोठं करून पाहिलं. आणि पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, "हो की. बाई बॉलकडेच बघतायत."

निकाल तासाभरात. गोल रद्द, सामना पुन्हा, अठ्ठावीस तारखेला. मला दोन वर्षं बंदी. मी म्हटलं, दोन कशाला, झेंडा इथेच ठेवते. ठेवला.

आता ते, जे कुणालाच सांगितलं नाही. "नाही" म्हणताना मला बरं वाटलं. ओझं उतरल्याचं बरं होतंच. पण त्याच्या खाली दुसरं एक होतं. टोमॅटोच्या ढिगात पडलेला तो बाप्या डोळ्यांपुढे आला, ते बदाम आले, आणि मनात आलं — घ्या! आता नाचा! त्यांच्या तोंडातला घास काढून घेतल्याची मजा. ती मजा मी ओळखली आणि तरी बोलत राहिले.

खरं ते खरंच राहतं ना, कुणी कशासाठीही बोललं तरी? राहत असावं.

२० एप्रिल, शनिवार

तीच माणसं. तोच व्हिडिओ. तेच माझं तोंड. बदामांच्या जागी आता चपला.

२२ एप्रिल, सोमवार

काल निळ्यांनी घरावर अंडी फेकली. नवरा मुकाट्याने पायपाने भिंत धूत होता. मी म्हटलं, मी धुते. म्हणाला, "राहू दे. तू खूप धुतलंस." मग स्वतःलाच हसू आलं त्याला. मलाही आलं. बरं वाटलं.

आज त्याहून वाईट. पिवळ्यांचे चाहते लॅबमध्ये हार घेऊन! चौघेजण. पेशंट बसलेले, मी हातमोजे घालून. "सत्याची मूर्ती! आमची लाईनवाली ताई झिंदाबाद!" मी म्हटलं, बाहेर व्हा, इथे रक्त काढतात. तर एकजण म्हणतो, "ताईंसाठी रक्तही देऊ!" यांच्यातल्या एकालाही सत्याशी काही देणंघेणं नाही. उद्या मी उलटं बोलले असते तर हेच चौघे अंडी घेऊन आले असते. हार मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला — वापरलेला कापूस टाकतात त्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, फुलं होती ती." होती. पण मला हात धुवावेसे वाटले.

लेक आज माझ्याजवळ येऊन बसली. "वर्गात काय म्हणतात?" विचारलं. "म्हणू दे," ती म्हणाली. एवढंच.

२५ एप्रिल, गुरुवार

प्लंबरची चाचणी आज होती. मोठ्या क्लबने काल कळवलं — गोलचा वाद मिटेपर्यंत थांबू. मास्तरांनी सांगितलं. ते माझ्याशी बोलतात अजून, ही त्यांची मेहेरबानी.

२८ एप्रिल, रविवार

सामना पाहायला जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. झाडामागे उभी राहिले, डोक्यावर ओढणी, चोरासारखी.

साठ माणसांच्या मैदानावर चार हजार! प्लंबरच्या पायात बॉल आला की अर्धे ओरडत — "टाच! टाच!" उरलेले हुर्यो करत. त्याला साधा खेळ खेळूच देईनात. तेहतिसाव्या मिनिटाला समोर गोल मोकळा होता, सरळ मारला असता तरी गेला असता. त्याने टाच उचलली. बॉल मागे गेला, तो तोंडावर पडला. चार हजार माणसं हसली. निळेसुद्धा — त्याचेच! पंधरा दिवसांपूर्वी ज्याला डोक्यावर घेतलं होतं त्याला.

शून्य-शून्य. पिवळे लीगमध्ये राहिले. निळे बाहेर. कीपरला खांद्यांवर उचललं. तो "खाली उतरवा, खाली उतरवा" म्हणत होता.

प्लंबर बूट हातात घेऊन माझ्या झाडाजवळून गेला. मला पाहिलं. "ताई, ऊन लागेल," म्हणाला आणि गेला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल, सोमवार

तरीही माझं चुकलं नाही. पुन्हा पुन्हा तपासलं. चुकलं ते सात तारखेला. एकोणीस तारखेला नाही.

३० एप्रिल, मंगळवार

सकाळी कीपर लॅबमध्ये आला, साखर तपासायला. उपाशीपोटी, खुशीत. बाही वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही. त्या दिवशी पास सुटला तेव्हा आमचा उजवा बॅक पलीकडच्या कडेला लेस बांधत बसला होता. प्लंबरपेक्षा आमच्या गोलकडे चांगला पाच पावलं. मीच ओरडत होतो त्याला, अरे ऊठ, पुढे ये! ऑफसाइड कसला डोंबलाचा! तुम्ही तर रेषेवरच उभ्या, तुम्हाला दिसलंच असणार. तरी आमच्यासाठी समितीपुढे खोटं बोललात. माझी तर मान वर होईना. कुणाला सांगणार नाही, मॅडम. तुमची शपथ."

मी सुई बाहेर काढली. कापूस ठेवला. दोन मिनिटं दाबून धरा, म्हटलं.